वाटाघाटींचे मेज आणि बँकेची खातेवही

पुणे–बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतून ओतकाम परदेशी धाडणाऱ्या कारखानदाराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. माल कितीही चोख असो. ग्राहकाच्या देशाविषयी बँकेच्या मनात शंका आली की हमीचा खर्च चढतो, कागदपत्रे वाढतात आणि पैसे अडकतात. दहशतवादाच्या प्रश्नावर पाकिस्तानकडून भारताच्या पदरात जे थोडेबहुत पडले, ते प्रामुख्याने याच शंकेच्या बळावर.

परिषदांतून काय साधले? जुलै 2006 मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. दोनच महिन्यांनी हवाना येथे मनमोहन सिंग व परवेझ मुशर्रफ यांनी दहशतवादविरोधी संयुक्त यंत्रणा स्थापण्याचे ठरविले. बैठकी झाल्या, निवेदने निघाली. आणि 26 नोव्हेंबर 2008 रोजी कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईवर हल्ला चढविला. 166 माणसे गेली. कसाबला 2012 मध्ये येरवड्यात फाशी झाली. पाकिस्तानातील खटला मात्र 2009 पासून रेंगाळला तो रेंगाळलाच.

जून 2018 मध्ये फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्सने पाकिस्तानला 'करड्या यादी'त घातले. दहशतवाद्यांचा पैसा व मनी लाँडरिंग रोखण्यासाठी एकूण 34 अटी पुढे आल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये हाफिज सईदला लाहोरच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली, त्याच महिन्यात पॅरिसला या संघटनेची बैठक होती. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. अर्थात शिक्षा पैसा पुरविल्याबद्दलची. मुंबईतील हत्यांची नव्हे. गुन्हा जणू केवळ हिशेबातला होता!

ऑक्टोबर 2022 मध्ये पाकिस्तान यादीतून सुटला आणि दाबही सैलावला. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातील सहा होते. भारताने अटारीचा मार्ग बंद केला. परंतु पुलवामानंतर, 2019 मध्येच पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क बसविले गेले होते. जो व्यापार उरलाच नाही, तो थांबविण्याची धमकी कोणाला भिवविणार?

तेव्हा तिसऱ्यांच्या खातेवहीचाच आधार उरतो. तेथे संतापाला किंमत नाही. खाते क्रमांक, हस्तांतराच्या तारखा, संस्थांची बदललेली नावे हीच भाषा चालते. ती भाषा भारताने हल्ल्यानंतरच्या पंधरवड्यात नव्हे, तर शांततेच्या वर्षांत बोलावयास हवी होती. मे 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला.