जपानमधील विद्यार्थिजीवन : दिनक्रम आणि दर्शन

जपान हा देश आपल्या समाजाला सर्वस्वी परका नाही. नागपूरच्या इंदोरा बुद्धविहारातील भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई हे मूळचे जपानचे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासकांच्या दानातून उभे राहिले. त्यामुळे जपानविषयी आपल्याकडे आदर आहे, आपुलकी आहे. मात्र त्या देशात शिकावयास गेलेल्या मुलामुलींचा दिवस कसा जातो, पैसा कोठून येतो व कोठे जातो, सुटीत काय पाहावे, याची नेमकी माहिती फार थोड्या पालकांना असते. याच वसतिगृहात वाढून पुढे जपानमध्ये शिकलेला एक विद्यार्थी या नात्याने ती माहिती येथे देत आहे. स्वतःची कामे स्वतः करण्याची सवय आपल्या मुलांना शाळेनेच लावलेली असते आणि तेथील निम्मी लढाई तिच्या बळावर जिंकता येते. उरलेली निम्मी भाषेची व हिशेबाची असते. तिची तयारी घर सोडण्यापूर्वी इथेच करावी लागते.

पहिले चौदा दिवस

टोकियो, ओसाका अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच विद्यार्थ्याला निवासपत्र मिळते. राहण्याचे ठिकाण निश्चित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. तेथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यातही नाव घालावे लागते, कारण तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा विमा सक्तीचा आहे. त्याचा लाभ मोठा आहे. दवाखान्याच्या खर्चापैकी ३० टक्के रुग्णाने भरायचे, उरलेला भार विमा उचलतो. उत्पन्न कमी असल्यास हप्त्यातही सवलत मिळते.

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. पण ती पुष्कळदा ठरावीक मुदतीपुरती असते. खासगी खोली घेताना भाड्याशिवाय अनामत, कित्येकदा घरमालकाला परत न मिळणारी भेटरक्कम आणि हमीदार यांची पूर्तता करावी लागते. सुरुवातीला हाताशी काही महिन्यांची रक्कम असणे आवश्यक आहे, ते यासाठी.

भाषा : ओळखीची वर्णमाला, अनोळखी चिन्हे

जपानी भाषेत तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना व काताकाना या प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या लिप्या काही आठवड्यांत येतात. मराठी विद्यार्थ्याला येथे एक सुखद धक्का बसतो. जपानी अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा चालतो. आपल्या क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग या क्रमाचीच ही सावली आहे. च-वर्गाच्या जागी ‘स’ आला. ‘ह’ चा जुना उच्चार ‘प’ असल्याने तो प-वर्गाच्या जागी बसला. सूत्रांच्या अभ्यासासाठी जपानी भिक्खू सिद्धम् नावाची भारतीय लिपी शिकत असत. त्या अभ्यासातून हा क्रम तेथे रुजला.

कांजी ही चिनी चित्रलिपी मात्र धीराची परीक्षा घेते. शासनाने नित्य वापरासाठी निश्चित केलेली चिन्हे २,१३६ आहेत. रोज पाच-दहा चिन्हे लिहून गिरवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. भाषेच्या प्रमाणपरीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ ही सर्वांत सोपी, तर एन-१ सर्वांत कठीण. काही विद्यापीठांत इंग्रजीतून पदवी घेता येते हे खरे; तथापि घरभाड्याचा करार, डॉक्टरांशी बोलणे, शेजाऱ्याशी ओळख या गोष्टी जपानीतच होतात. भाषा न येणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होईल, पण त्या समाजात एकाकी राहील.

दिवसाची घडण

शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. अनेक विद्यापीठांत एक तासिका ९० मिनिटांची असते. पदवीच्या शेवटच्या वर्षी आणि पुढे विज्ञानशाखेचा विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेचा सदस्य होतो. तेथे त्याला स्वतःचे टेबल मिळते आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी, ज्यांना ‘सेन्पाई’ म्हणतात, ते त्याला काम शिकवतात. आपल्या वसतिगृहात थोरल्या मुलांनी धाकट्यांना अंथरूण घालण्यापासून गणितापर्यंत सारे शिकवावे, तसेच हे नाते आहे. मान द्यावा लागतो आणि मायाही मिळते.

जपानी शाळांत वर्ग, जिने, कित्येक ठिकाणी शौचालयेदेखील विद्यार्थीच स्वच्छ करतात. ज्याने शाळेत पाळीपाळीने व्हरांडे झाडले, आपले ताट आपण घासले, त्याला याचे नवल वाटत नाही. जातीच्या नावाखाली झाडू ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला, त्या समाजातून आलेल्या मुलाला हे दृश्य अंतर्मुख करते. येथे डॉक्टरचा मुलगाही खराटा धरतो आणि त्याने कोणी लहान होत नाही.

कचऱ्याचा नियमही असाच कडक आहे. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे असे वर्गीकरण करून नेमलेल्या वारी, सकाळी, नेमलेल्या जागीच तो ठेवावा लागतो. शहर बदलले की वेळापत्रकही बदलते. परदेशी भाडेकरूंविषयी शेजाऱ्यांची तक्रार बहुधा येथूनच सुरू होते.

जेवणासाठी विद्यापीठातील सहकारी उपाहारगृह स्वस्त पडते. जेवणापूर्वी ‘इतादाकिमासु’, म्हणजे हे अन्न मी नम्रपणे स्वीकारतो, असे म्हणण्याची रीत आहे. शाकाहारी विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक सूप व आमट्यांचा पाया ‘दाशी’ असतो आणि त्यात वाळलेल्या माशाचा अर्क बहुधा असतोच. विहारांत मिळणारे ‘शोजिन र्‍योरी’ हे भोजन मात्र संपूर्ण शाकाहारी. भात शिजवण्याचे विजेचे भांडे घेतले, डाळ व मसाले मोठ्या शहरांतील भारतीय दुकानांतून आणले, की घरचे वरण-भात रोज होते. संध्याकाळी उशिरा दुकानांत ताज्या पदार्थांवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात. ती वेळ विद्यार्थिवर्गाला तोंडपाठ असते.

हिशेब : पालकांनी हे अवश्य वाचावे

राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन आणि प्रवेशशुल्क २,८२,००० येन आहे. काही विद्यापीठांनी यात वाढ केली आहे. प्रमाणित दर धरला तरी पहिल्या वर्षाचे केवळ शुल्क ८,१७,८०० येन होते. खोलीभाडे, जेवण, विमा, प्रवास हे वेगळे.

विद्यार्थ्याला स्वतंत्र परवानगी घेऊन आठवड्यास २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते. दीर्घ सुटीत रोज ८ तासांपर्यंत. ताशी सुमारे १,००० येन धरले, तर चार आठवड्यांचे १,१२,००० येन होतात. इतक्या रकमेत लहान शहरातील भाडे व जेवण भागू शकते, पण त्यातून शुल्क भरले जात नाही. शिवाय दर आठवड्याला पूर्ण २८ तास काम करणाऱ्याचा अभ्यास मागे पडतो. मर्यादेपेक्षा अधिक काम केल्यास व्हिसाचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते. म्हणून ‘मुलगा तेथे कमावून शिकेल आणि कर्जही फेडेल’ असे सांगणाऱ्या मध्यस्थावर विश्वास ठेवून शेत किंवा घर गहाण टाकू नये. अशा कर्जाच्या ओझ्याखाली रात्रपाळी करणारी, वर्गात पेंगणारी मुले तेथे दिसतात आणि मन विषण्ण होते.

सुरक्षित मार्ग शिष्यवृत्तीचा आहे. जपान शासनाची मोम्बुकागाकुशो शिष्यवृत्ती शुल्क माफ करते, जाण्या-येण्याचे विमानभाडे देते आणि दरमहा निर्वाहवेतनही देते. तिची घोषणा जपानी दूतावासामार्फत होते. बारावीनंतरच्या पदवीपासून संशोधनापर्यंत तिचे निरनिराळे प्रकार आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासासाठी मिळते. जागतिक क्रमवारीत वरचे स्थान असलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळवणे, ही तिची मुख्य अट आहे.

पाहण्यासारखे बरेच, खर्च थोडा

परदेशी पर्यटकांसाठीचा सवलतीचा रेल्वे पास विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. मात्र विद्यापीठाचे प्रमाणपत्र दाखविल्यास १०० किलोमीटरहून लांबच्या रेल्वेप्रवासाच्या भाड्यात २० टक्के सूट मिळते. रात्रीच्या बसगाड्या त्याहूनही स्वस्त असतात.

एप्रिलमध्ये पोहोचलेल्या विद्यार्थ्याला पहिलाच सण भेटतो तो ८ एप्रिलचा. जपानमध्ये बुद्धजयंती वैशाख पौर्णिमेस नव्हे, तर या दिवशी साजरी होते. फुलांनी सजवलेल्या मंडपात बालबुद्धाच्या लहानशा मूर्तीवर गोड चहाचे सिंचन करतात. उपासकाला आणखीही काही गोष्टी वेगळ्या दिसतील. तेथील परंपरा महायानी आहे. १८७२ च्या शासननिर्णयानंतर भिक्खूंच्या विवाहावरील बंधन उठले, त्यामुळे अनेक विहार पित्याकडून पुत्राकडे जातात. हे पाहून लगेच निवाडा करू नये. धम्म निरनिराळ्या भूमीत कसा रुजला, हे समजून घेण्याची ती संधी आहे.

नारा येथील तोदाइजी विहारात सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. ७५२ साली तिचा नेत्रोन्मीलन विधी झाला तो भारतीय भिक्खू बोधिसेन यांच्या हस्ते. ज्या कुंचल्याने त्यांनी डोळे रेखाटले, त्याला लांब दोर बांधून तो जमलेल्या लोकांनी हाती धरला होता. परित्राणपाठाच्या वेळी आपण सूत्र हाती धरतो, त्याची येथे आठवण होते. तो निळा रेशमी दोर शोसोइन या भांडारात आजही जतन केलेला आहे. जवळच होर्युजी येथे जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती उभ्या आहेत. तेथील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करतात. २६ जानेवारी १९४९ रोजी लागलेल्या आगीत ती चित्रे होरपळली. पुढील वर्षी जपानने सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा केला आणि आज २६ जानेवारी हा दिवस तेथे वारसास्थळांच्या अग्निसुरक्षेसाठी पाळला जातो.

वाकायामा प्रांतातील कोयासान हे डोंगरावरील विहारक्षेत्र भिक्खू कूकाई यांनी ८१६ साली स्थापले. उंच देवदारांखाली दोन लाखांहून अधिक समाधिस्थाने आहेत. त्यांतील पाच थरांच्या दगडी स्तूपांवर पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश यांची बीजाक्षरे अ, व, र, ह, ख अशी सिद्धम् लिपीत कोरलेली आढळतात. येथील कोयासान विद्यापीठात २०१५ साली तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. घरापासून हजारो किलोमीटर दूर बाबासाहेबांसमोर उभे राहताना आपल्या विद्यार्थ्याला काय वाटते, ते शब्दांत सांगण्याची गरज नाही.

टोकियोत राहणाऱ्यांनी १९३४ साली पूर्ण झालेले त्सुकिजी होंगान्जी पाहावे. वास्तुकार इतो चूता भारतातील प्राचीन वास्तू पाहून गेले होते. दर्शनी कमान पाहताच आपल्याकडील लेण्यांतील चैत्यगवाक्ष आठवतो. आणि हिरोशिमा चुकवू नये. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी काय घडले, हे तेथील संग्रहालयात जळालेल्या डब्यांतून आणि मुलांच्या कपड्यांतून कळते. युद्ध नको, बुद्ध हवा, ही आपल्या मिरवणुकीतील घोषणा तेथे निराळ्याच वजनाने कानांत घुमते.

आजपासून काय करावे

आठवी-नववीतील मुलामुलींनी हिरागानापासून आरंभ करावा. बारावीपर्यंत दोन-तीन पायऱ्या सहज चढता येतात. भाषेची प्रमाणपरीक्षा पुणे व मुंबई येथे देता येते. विज्ञान व गणित पक्के असावे. पालकांनी मध्यस्थाकडे जाण्याआधी मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावासाकडून माहिती घ्यावी. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना जपानी येते, त्यांनी रविवारी एक तास शाळेला दिला, तर येथील एखाद्या भूमिहीन मजुराच्या मुलीला त्या शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतःच्या हाताने भरता येईल. शाळेच्या या वर्षीच्या संकल्पांत या एका तासाचा समावेश व्हावा, ही नम्र विनंती.