रोलेक्स सबमरिनर: नवं मॉडेल की जुनं? फोटो झूम करून असं ओळखा

इन्स्टावर किंवा सेकंड हँड विक्रीच्या अ‍ॅपवर रोलेक्स सबमरिनर पाहिलीये? सगळी घड्याळं सारखीच वाटतात ना! पण मॉडेल बदललं की किंमतही बदलते, आणि इथे व्यवहार लाखांचा असतो. त्यामुळे हे बारीक फरक माहीत हवेतच.

सबमरिनर 1953 साली पाणबुड्यांसाठी आली. आजचं मॉडेल 300 मीटर खोलीपर्यंत चालतं. सप्टेंबर 2020 मध्ये ती नव्या रूपात आली. फोटोत काय बघायचं?

1. 6 च्या आकड्याची जागा: डायलच्या अगदी खाली 'स्विस' आणि 'मेड' या शब्दांच्या मध्ये छोटा मुकुट दिसतो का? दिसला तर 2020 नंतरचं मॉडेल. जुन्यात तो नाही.

2. आकार: जुनं 40 मिमी, नवं 41 मिमी. गंमत म्हणजे नवं मोठं असूनही सडपातळ दिसतं, कारण पट्टा धरणारे कान बारीक केलेत आणि पट्टा 20 ऐवजी 21 मिमी रुंद झालाय.

3. तारीख: तारखेच्या मॉडेलमध्ये 3 च्या जागी काचेवर भिंग असतं. बिनतारखेच्या मॉडेलची काच सपाट असते.

4. हिरवा रंग: 2010 च्या 'हल्क'मध्ये बेझल म्हणजे बाहेरची फिरती रिंग आणि डायल, दोन्ही हिरवे. 2003 च्या 'कर्मिट'मध्ये आणि 2020 च्या मॉडेलमध्ये रिंग हिरवी, डायल काळा. मग या दोघांत फरक काय? कर्मिटची रिंग अ‍ॅल्युमिनियमची, तर 2020 ची चकचकीत सिरॅमिकची, त्यावर आकडे कोरलेले.

आतही फरक आहे. पूर्ण चावी भरल्यावर जुनं मशीन सुमारे 48 तास चालतं, नवं 70 तास. म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळीही चालू!

एक गोष्ट मात्र विसरू नका. या खुणांवरून मॉडेल कळतं, अस्सलपणा नाही. नकली घड्याळातही तो छोटा मुकुट छापता येतो. म्हणून पैसे पाठवण्याआधी वॉरंटी कार्डवरचा सिरियल नंबर घड्याळावरच्या नंबरशी जुळवा आणि जाणकार घड्याळजीकडून आतलं मशीन तपासून घ्या. विक्रेता याला तयार नसेल, तर सरळ पुढे स्क्रोल करा!