फोल्डर-निवड, कोष्टकपत्रातील
संगणकात साठविलेल्या फोल्डरांपैकी हवे ते फोल्डर, कोष्टकपत्राचा मॅक्रो चालू असताना, वापरणाऱ्यास स्वतः निवडू देण्याची तंत्रपद्धती. आडव्या ओळी व उभे स्तंभ यांनी बनलेल्या आणि दिलेल्या सूत्रांनुसार आकडेमोड करणाऱ्या संगणकीय तक्त्यास कोष्टकपत्र किंवा स्प्रेडशीट म्हणतात. तेच ते काम पुनःपुन्हा हाताने करावे लागू नये म्हणून त्यास जोडलेली आज्ञावली म्हणजे मॅक्रो होय. फोल्डर हा फायली ठेवण्याचा कप्पा असून एका फोल्डरात दुसरे, त्यात तिसरे अशी त्यांची उतरंड असते. मूळ डिस्कपासून इष्ट फोल्डरापर्यंतच्या नावांच्या साखळीस मार्ग अशी संज्ञा आहे.

आवश्यकता : एखाद्या जिल्हा कार्यालयात तालुक्यांकडून दरमहा येणारी पत्रके एका फोल्डरात ठेवून मॅक्रोद्वारे त्यांची एकत्रित बेरीज केली जाते, असे समजू. फोल्डराचा मार्ग मॅक्रोतच लिहून ठेवला, तर तो लिहिणाऱ्याच्या संगणकावर चालतो. दुसऱ्याच्या संगणकावर बहुधा चालत नाही, कारण मार्गात पुष्कळदा वापरणाऱ्याचे नाव किंवा डिस्कचे अक्षर आलेले असते. मॅक्रो थांबला, तर चूक निदान लक्षात तरी येते. परंतु जुन्या मार्गावर मागील महिन्याची पत्रके शिल्लक असतील, तर मॅक्रो विनातक्रार पूर्ण होतो आणि जुनेच आकडे नव्या महिन्याचे म्हणून पुढे जातात. मार्ग टंकलिखित करावयास सांगणे हा एक उपाय आहे. मात्र त्यात एका अक्षराची चूकही पुरते. म्हणून संगणकाने फोल्डरांची यादी दाखवावी व वापरणाऱ्याने त्यांतून निवड करावी, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो.

इतिहास : व्यक्तिगत संगणकावरील पहिले कोष्टकपत्र व्हिजिकॅल्क हे डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केले व ते १९७९ मध्ये विक्रीस आले. १९८३ मधील लोटस १-२-३ मुळे मॅक्रोंचा वापर रूढ झाला. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी व १९८७ मध्ये विंडोजसाठी निघाले. १९९३ मधील त्याच्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स ही आज्ञावली-भाषा आली. तिच्यात फाइल निवडण्याची सोय होती, पण फोल्डर निवडण्याची नव्हती. त्यामुळे जाणकारांना विंडोज प्रणालीच्या अंतर्गत फलनांस थेट आवाहन करावे लागे. २००१ मध्ये प्रसृत झालेल्या ऑफिस एक्सपीमध्ये ‘फाइलडायलॉग’ ही वस्तू उपलब्ध झाली आणि हे काम काही ओळींत होऊ लागले. २०१० पासून ऑफिस ६४-बिट स्वरूपातही मिळू लागल्यावर अंतर्गत फलनांची जुनी घोषणावाक्ये त्या स्वरूपात बदलावी लागली. ‘फाइलडायलॉग’ वापरणाऱ्यांना ही अडचण आली नाही.

कार्यपद्धती : ‘फाइलडायलॉग’चे चार प्रकार असून फाइल उघडणे, नव्या नावाने जतन करणे, फाइल निवडणे व फोल्डर निवडणे यांना अनुक्रमे १ ते ४ हे क्रमांक आहेत. मॅक्रोत चौथा प्रकार घेऊन प्रथम चौकटीचे शीर्षक व आरंभीचे फोल्डर ठरवितात. नंतर ‘शो’ ही पद्धती चौकट पडद्यावर आणते. वापरणाऱ्याने निवड पक्की केल्यास ती −१ व रद्द केल्यास ० हे मूल्य परत देते. निवडलेला मार्ग ‘सिलेक्टेडआयटेम्स’ या संग्रहातील पहिला घटक म्हणून मिळतो. या प्रकारात एका वेळी एकच फोल्डर निवडता येते. चौकटीत केवळ फोल्डर दिसतात, फायली दिसत नाहीत. त्यामुळे भरलेले फोल्डरही नवख्यास रिकामे वाटते. शीर्षकात तशी सूचना देणे हितावह असते.

दक्षता : रद्द केल्याची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. ती न करता संग्रहातील घटक वाचू गेल्यास दोष उद्भवतो. दोषांकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञा आधीच दिलेली असेल, तर मार्ग रिकामा राहतो. त्यास तिरकी रेघ जोडली, की तो चालू डिस्कच्या मुळाचा मार्ग बनतो व पुढील क्रिया भलत्याच ठिकाणी घडते. मिळालेल्या मार्गाच्या शेवटी सामान्यतः तिरकी रेघ नसते, परंतु डिस्कचे मूळ निवडल्यास ती असते. म्हणून ती पाहूनच जोडावी. ‘किल’ या आज्ञेने काढलेल्या फायली कचरापेटीत न जाता कायमच्या नष्ट होतात. यास्तव फायली बदलणाऱ्या वा पुसणाऱ्या मॅक्रोने निवडलेल्या फोल्डराचे नाव व त्यातील फायलींची संख्या दाखवून पुन्हा संमती घ्यावी.

फायलींची नावे देवनागरीत असल्यास आणखी एक अडचण येते. फोल्डरातील नावे एकामागून एक देणारे ‘डिर’ हे जुने फलन युनिकोडपूर्व संकेतांवर आधारलेले असल्याने देवनागरी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे देते व त्या नावाची फाइल उघडत नाही. अशा वेळी युनिकोड जाणणारी ‘फाइलसिस्टिमऑब्जेक्ट’ ही वस्तू वापरतात.

अन्य प्रणाली व मर्यादा : लिबरऑफिस या मुक्त प्रणालीत याच कामासाठी ‘फोल्डरपिकर’ ही सेवा आहे. ती मार्ग संकेतस्थळाच्या पत्त्यासारख्या रूपात देते व तो नेहमीच्या रूपात वळवून घ्यावा लागतो. महाजालावरील एक्सेलमध्ये व्हिज्युअल बेसिकचे मॅक्रो चालत नाहीत.

फोल्डर निवडणे म्हणजे मॅक्रोस केवळ त्याच फोल्डरापुरती परवानगी देणे नव्हे. मॅक्रोला वापरणाऱ्याचेच अधिकार असतात आणि तो न निवडलेल्या फोल्डरांपर्यंतही पोहोचू शकतो. मॅक्रोंद्वारे पसरणाऱ्या विषाणूंमुळे मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून महाजालावरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मुळातच रोखण्यास प्रारंभ केला. निवड-चौकटीने वापरणाऱ्याची सोय होते व चुका कमी होतात. मॅक्रोच्या विश्वासार्हतेची खात्री मात्र तो कोणाकडून आला, हे पाहूनच करावी लागते.