लगाम आहे, घड्याळ नाही

राज्यपालांना विधेयकांवर निर्णयासाठी न्यायालय मुदत घालून देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 20 नोव्हेंबर 2025 रोजी सांगितलं आणि तमिळनाडू प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी एप्रिलमध्ये आखलेलं वेळापत्रक निकालात निघालं. विधेयक विनाकारण फार काळ अडवलं, तर ‘निर्णय घ्या’ एवढंच न्यायालय सांगू शकेल. जिंकलं कोण, यावर भरपूर बोलून झालं. पण केंद्रानं नेमलेल्या राज्यपालांवरची मर्यादा वेळेत लागूच होत नसेल, तर तिला मर्यादा म्हणायचं का?

बोम्मई प्रकरण पाहा. एप्रिल 1989 मध्ये कर्नाटकच्या राज्यपालांकडे 19 आमदारांची पाठिंबा काढल्याची पत्रं आली. पाठोपाठ त्यांतल्या सात जणांनी दिशाभूल करून सह्या घेतल्याचं कळवलं. मुख्यमंत्री बोम्मई सभागृहात बहुमत सिद्ध करायला तयार होते. पण 21 एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागली. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 11 मार्च 1994 ला. तत्त्व जिंकलं, सरकार केव्हाच गेलेलं. बिहारचं 2005 मधलं विधानसभा विसर्जनही घटनाबाह्य ठरलं, पण तोवर नव्या निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाली होती, त्यामुळे जुनी विधानसभा परत आली नाही. याउलट 23 नोव्हेंबर 2019 चा महाराष्ट्र. पहाटे 5.47 ला राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमारास मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. न्यायालय रविवारी बसलं आणि 26 तारखेला म्हणालं: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी, खुलं मतदान, थेट प्रक्षेपण. त्याच दुपारी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. तत्त्व बोम्मईचंच; फरक फक्त घड्याळाचा.

विधेयकांवरच्या राज्यपालांच्या निर्णयाबद्दलच्या अनुच्छेद 200 मध्ये दिवसांचा आकडा नाही, तो न्यायालयानं घालणं म्हणजे घटना नव्यानं लिहिणं, हा आक्षेप वजनदार आहे. पण ‘संध्याकाळी पाच’ तरी घटनेत कुठे लिहिलंय? राष्ट्रपती राजवटीबद्दलच्या अनुच्छेद 356 मध्ये बहुमत चाचणीचा शब्दही नाही. विधेयक सदोष असेल तर राज्यपालांनी ते परत पाठवावं किंवा राष्ट्रपतींकडे धाडावं. दाबून ठेवणं हा पर्याय नाही, हे घटनापीठालाही मान्य आहे. मग ‘फार काळ’ म्हणजे किती, हे ठरवायला राज्यांनी दरवेळी न्यायालयाची पायरी चढायची. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. बोम्मईंना न्याय मिळायला जवळजवळ तेवढाच काळ लागला होता.