दोरीवर अडकलात तर? आठचा आकडा आणि एक गाठ

पावसाळा संपला की साकीनाक्यापासून अंधेरी-कुर्ला रोडने जाताना जरा मान वर करून पाहावे. उंच इमारतींच्या काचा पुसणारी, भिंती रंगवणारी तरुण पोरे दोरीवर लटकलेली दिसतात. खैरानी रोड, काजूपाडा, मोहिली, असल्फा अशा वस्त्यांतल्या घरांतूनच अशी पोरे सकाळी डबा घेऊन निघतात. कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली सुट्टीच्या दिवशी नागफणी किंवा तैलबैल्याच्या कड्यावरून दोरीने उतरायला जातात, ती वेगळीच. एकाला पोटासाठी उतरायचे, दुसऱ्याला हौसेसाठी. दोघांचाही जीव दोरीवर आणि एका छोट्या धातूच्या साधनावर असतो. ते साधन घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

गिर्यारोहक त्याला डिसेंडर म्हणतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी त्याची दोन कडी असतात. दोरी मोठ्या कड्यातून ओढून लहान कड्याच्या मानेभोवती घेतात आणि लहान कडे कॅराबिनरने कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला अडकवतात. दोरी वळसे घेत घासते, त्या घर्षणाने वेग आवरतो. पण खालची दोरी धरणारा हात हाच खरा ब्रेक. तो सुटला की माणूस सरळ खाली जातो. पेट्झल या फ्रेंच कंपनीने 1991 साली ग्रीग्री हे साधन आणले. त्यात झटका बसला की आतला दाता दोरी दाबून धरतो. तरीही ब्रेकचा हात सोडायचा नाही, हा नियम तिथेही आहेच.

मग हात सुटलाच तर? त्यासाठी प्रुसिक गाठ आहे. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली ती गिर्यारोहकांपुढे मांडली. साधारण 6 मि.मी. जाडीच्या दोरीचे वेटोळे मुख्य दोरीभोवती तीन वेळा गुंडाळायचे. वजन पडले की गाठ आवळते, वजन काढले की हाताने सरकते. ही गाठ डिसेंडरच्या खाली बांधून हार्नेसला अडकवली, तर हात सुटल्यावर ती माणसाला धरते. मात्र तिचा फास आखूड हवा. ती डिसेंडरला टेकली तर आवळत नाही.

कधी शर्टाचे टोक, ओढणी किंवा केस डिसेंडरमध्ये ओढले जातात आणि माणूस अधांतरी अडकतो. अशा वेळी घाबरून झटापट करू नये. खालची दोरी मांडीभोवती तीन-चार वेळा गुंडाळून आधी स्वतःला थांबवावे. मग डिसेंडरच्या वर दुसरी प्रुसिक बांधून तिला लांब फास जोडावा, त्यात पाय घालून उभे राहावे. साधनावरचे वजन उतरले की अडकलेले कापड निघते. चाकू चालवू नये, कारण ताणलेली दोरी पाते लागताच तुटते.

हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकून राहणे धोक्याचे असते. पायात रक्त साठते आणि काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय हलवत राहावे, फासात उभे राहावे. वरून कोणी ओढेल म्हणून वाट पाहण्यापेक्षा स्वतःची सुटका येणे मोलाचे आहे. खाली असलेल्यांनी ताबडतोब 101 वर अग्निशमन दलाला कळवावे.

पण हे सारे वाचून कोणी दोरीला लटकू नये! जाणकार शिक्षकाकडून, जमिनीपासून हातभर उंचीवर, पुन्हा पुन्हा सराव करावा. अंधारातही गाठ बांधता आली पाहिजे.

आणि मातांनो, भगिनींनो, पोरगा दोरीच्या कामाला निघाला तर त्याला चार प्रश्न जरूर विचारा. कामाची एक आणि सुरक्षेची दुसरी, अशा दोन दोऱ्या आहेत का? त्या वेगवेगळ्या ठिकाणी बांधल्या आहेत का? दोरी कठड्यावर घासते तिथे गादी घातली आहे का? तू अडकलास तर तुला खाली आणणारा माणूस वर हजर आहे का? एकाही प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले, तर त्या दिवशी ठेकेदाराला स्पष्ट सांगावे की आधी साधने, मग काम. एका दिवसाची मजुरी पुन्हा मिळवता येते, घरचा माणूस मिळत नाही.