गाठ दाताशी आहे

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून मुंबई-गोवा महामार्गाने परशुराम घाटाकडे निघालं की कुठल्या ना कुठल्या रसायनाचा वास थोडा वेळ सोबतीला येतो. त्यामुळे काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, जुना पाइप घासताना गंधकाचा वास आला तेव्हा मी दचकलो नाही. काका जहाजावर होते. पाइप त्यांच्याबरोबर घरी आला आणि पुढे वर्षानुवर्षं खिडकीच्या फळीवर पडून राहिला. वाटी ब्रायरची, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीची. ती अजून तुकतुकीत होती. मूळची काळीभोर दांडी मात्र शेवाळासारखी हिरवट झालेली, जिभेला लावली तर कडू.

ही दांडी एबोनाइटची, म्हणजे रबराचीच. गंधक घालून तापवलेल्या रबराचं पेटंट चार्ल्स गुडइयरने 1844 साली घेतलं. त्याचा भाऊ नेल्सन याने 1851मध्ये कडक रबराचं. साध्या रबराला शेकडा दोन-तीन भाग गंधक पुरतो, एबोनाइटमध्ये तो तीसच्या आसपास असतो. मग रबर आबनुसासारखं घट्ट होतं, लेथवर कातता येतं. राजमहेंद्रीची हाताने कातलेली रत्नम पेनं याच मालाची. पण ऊन, हवा आणि दमटपणा लागला की त्यातला गंधक पृष्ठभागावर उतरतो, आणि कोकणातली खिडकी म्हणजे या तिघांचं माहेरच.

तरीही जुने पाइपवाले एबोनाइट सोडत नाहीत. पाइप ओठात कमी, दातात जास्त धरला जातो. एबोनाइट दाताखाली किंचित दबतं. अ‍ॅक्रिलिक दबत नाही, टक्कन वाजतं. 1930च्या दशकात बाजारात आलेलं हे प्लास्टिक उन्हात हिरवं पडत नाही, हवा तो रंग घेतं, चकाकतं. त्याचं वैर अल्कोहोलशी. आतली नळी साफ करायला एबोनाइटला चालणारा स्पिरिटचा बोळा अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे पाडू शकतो. माझं मत विचाराल तर विसराळू माणसाने अ‍ॅक्रिलिक घ्यावं. अर्थात दांडी कशाचीही असो, धूर तोच, आणि तोंडाच्या कॅन्सरला दांडीतला फरक कळत नाही.

या दोघांच्या आधी शिंग होतं. त्याची गोष्ट तर आपल्याच किनाऱ्यावरची. विजयदुर्ग, सावंतवाडीकडचे कारागीर शिंगाला खोबरेल तेल लावून विस्तवापुढे धरत. ते मेणासारखं मऊ झालं की त्यातून नंदी, नाग, तबकं घडवत. शिंग दाताला सर्वांत सुखाचं, कारण ते आपल्या नखाच्याच जातीचं. पण लाळेने भिजून, पुन्हा सुकून त्याचे पापुद्रे सुटतात.

श्रीमंतांची दांडी तृणमण्याची. घासला की गवताची काडी ओढतो म्हणून तृणमणी. बाल्टिक समुद्राकाठच्या प्राचीन झाडांचा दगड झालेला डिंक. दिसायला मधासारखा, पण ठिसूळ. शेरलॉक होम्सच्या 1893मधल्या ‘द यलो फेस’ या कथेत एक गिऱ्हाईक पाइप विसरून जातं. तो दोनदा चांदीच्या पट्टीने सांधलेला असतो, एकदा लाकडात आणि एकदा तृणमण्यात. नव्या पाइपाच्या किमतीहून जास्त खर्च दुरुस्तीवर झालाय, तेव्हा मालकाचा त्यावर जीव आहे, हे होम्स तेवढ्यावरून ओळखतो. खऱ्या तृणमण्याच्या किती दांड्या लंडनमध्ये असतील, अशी शंकाही तो बोलून दाखवतो.

आपल्याकडच्या चिलमीने हा प्रश्नच मिटवला: दांडी नाही, ओली छापी आणि हाताची मूठ. गुडगुडीला मात्र नळी लागते, आणि खाली पाण्याला नारळाची करवंटी. हुक्क्याला पश्चिम आशियात नर्गिले म्हणतात, तो शब्द फारसीतल्या ‘नारगील’वरून, म्हणजे आपल्या नारिकेलावरून गेलेला.

काकांची दांडी मी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने चार दिवस घासली. काळी झाली, कडूपणा गेला. टोकाला काकांच्या दातांच्या दोन खाचा होत्या. एबोनाइट गरम पाण्यात धरलं तर अशा खाचा भरून येतात असं ऐकलं होतं, म्हणून पातेल्यात बुडवली. खाचा निम्म्या भरल्या खऱ्या. पण वळणदार दांडीला आपला मूळचा आकार आठवला आणि ती सरळ होऊन बाहेर आली. आता पुन्हा वाकवायची आहे.