‘गोंडासारखा’ म्हणजे कसा?

आपल्या रामाकोना-सौसर भागात पोरगं धुळीनं माखून घरी आलं, की कोणीतरी सहज म्हणतं, ‘काय गोंडासारखा दिसून राहिला!’ सगळे हसतात. बोलणाऱ्याच्या मनात राग नसतो. पण ऐकणारं पोर शिकतं: गोंड म्हणजे मळका, अडाणी. वर्गातलं गोंड पोरही तेच ऐकत मोठं होतं.

मग थोडा इतिहास आठवू या. दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी, सगळ्यासाठी आपण ज्या नागपूरला धावतो, ते शहर १८व्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजानं वसवलं. देवगडचा किल्ला आपल्या छिंदवाड्याकडेच आहे. २०११च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. गोंड चित्रकार भज्जू श्याम यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

पूर्वग्रह शिवीतूनच दिसतो असं नाही. शेतावर कापूस वेचायला आलेल्या मराठी म्हाताऱ्याला आपण ‘काकाजी’ म्हणतो आणि त्याच वयाच्या गोंड माणसाला ‘अरे’. गोंड मुलीला नोकरी लागली की अभ्यासाआधी कोटा आठवतो. स्थळ पाहताना ‘सावळी आहे, पण चांगली आहे’ म्हणतो. त्या ‘पण’मध्येच सगळं आलं.

पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलांना याची थोडी चव कळते. ‘एमपीचे ना? मग मराठी कशी येते?’ १९५६पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. आपल्याला हे परगावी ऐकावं लागतं. गोंड मुलाला स्वतःच्या गावात.

करायचं काय? मला तीन गोष्टी उपयोगी वाटतात. असा विनोद झाला की न हसता शांतपणे विचारायचं, ‘म्हणजे कसं?’ समजावून सांगताना विनोदातली गंमत उडून जाते. ‘ते लोक’ न म्हणता त्या माणसाचं नाव घ्यायचं. आणि घरातल्या मोठ्यांशी वाद न घालता, ‘आजी, नागपूर कोणी वसवलं माहीत आहे का?’ असं सुरू करायचं.

आदिवासी माणसाला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण स्वयंपाकघरात आणि शेताच्या बांधावर कायदा पोहोचत नाही. तिथं बोलायला आपणच असतो.